पुरुषांची गोळाफेक: भरतीच्या मैदानापासून जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीपर्यंत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

परभणी, हिंगोली, जालना, बीड, लातूर... मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या मैदानावर पहाटे गेलात तर गोळा टाकणारी पोरं दिसतातच. बहुतेकांना पोलीस भरतीचे गुण हवे असतात, थोड्यांना खेळ हवा असतो. मोबाइलवर जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी लागली की मात्र दोघेही सारखेच प्रश्न विचारतात. त्यातले नेहमीचे इथे घेतले आहेत.

भरतीचा गोळा आणि जागतिक स्पर्धेतला गोळा वेगळा असतो का?

वजन तेच. पुरुषांचा गोळा ७.२६० किलोचा, म्हणजे जुन्या मापात १६ पौंडांचा. पोलीस भरतीत शिपाई पदाच्या पुरुष उमेदवाराच्या हातात येतो तोच गोळा विश्वविक्रमवीर रायन क्राउझरच्याही हातात असतो. क्रिकेटमध्ये टेनिस बॉलवर खेळणाऱ्याला आणि कसोटीपटूला एक चेंडू मिळत नाही. इथे मिळतो. व्यास ११० ते १३० मिलिमीटरच्या दरम्यान असावा लागतो. हात लहान असेल तर ११०च्या जवळपासचा गोळा बोटांत नीट बसतो.

२० वर्षांखालच्या मुलांना ६ किलो, १८ खालच्यांना ५ किलो. महिलांना ४ किलो आणि १८ खालच्या मुलींना ३ किलो.

आणखी एक गोष्ट. दुकानातून आणलेल्या गोळ्यावर ‘७.२६०’ कोरलेलं आहे म्हणून विश्वास ठेवू नका. मोंढ्यात एखाद्या ओळखीच्या आडत्याकडे जा आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर तो ठेवून बघा. हलक्या गोळ्यावर वर्षभर सराव केलेल्याला भरतीच्या दिवशी खरं वजन कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो.

मग आमचा आठ मीटरवर पडतो आणि त्याचा तेवीसवर, हे कसं?

सगळ्यांना वाटतं, दंडाचा फरक. दंड असतोच, पण मुख्य फरक वेगाचा आहे. गोळा हातातून सुटतो त्या क्षणी त्याचा वेग किती, यावर बाकी सगळं ठरतं.

साधा हिशेब मांडू. खांद्याच्या थोडं वरून, सेकंदाला ८ मीटर वेगाने सुटलेला गोळा जवळपास ८ मीटरवर पडतो. वेग ९ झाला की तोच पावणेदहाच्या आसपास जातो. म्हणजे सेकंदाला एक मीटर वेग वाढवला की दीड-पावणेदोन मीटर अंतर वाढतं. वरच्या पातळीवर हे गणित आणखी उदार होतं. १४ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ५० किलोमीटर वेगाने सुटलेला गोळा २२ मीटरच्या आसपास जातो आणि १५ने सुटला तर जवळपास तीन मीटर पुढे. हवा आणि वारा यांचा गोळ्यावर नगण्य परिणाम होतो, म्हणून लांब उडी किंवा १०० मीटरसारखं इथे वाऱ्याचं माप लिहीत नाहीत.

आता हा वेग येतो कुठून? तळपायापासून. पाय जमिनीला ढकलतात, कंबर वळते, छाती उघडते, त्यानंतर खांदा, कोपर आणि शेवटी बोटं. आपल्याकडची पोरं हा क्रम उलटा लावतात. आधी हात ढकलतात आणि पाय नुसते उभे. त्यांना गोळा खाली ठेवून नुसत्या उड्या मारायला सांगितल्या, बॉक्सवर, पायऱ्यांवर, तर कंटाळा येतो. पण गोळ्याचं अंतर तिथेच वाढतं. गोळा टाकणाऱ्याच्या मांड्या बघा, दंड नंतर बघा.

४५ अंशात टाकला तर सगळ्यात लांब जातो ना? पुस्तकात तसंच आहे.

पुस्तकातला नियम जमिनीवरून सुटून जमिनीवरच पडणाऱ्या वस्तूचा. गोळा माणसाच्या उंचीवरून सुटतो आणि जमिनीवर पडतो, त्यामुळे योग्य कोन ४५च्या खाली येतो. शिवाय शरीराची रचना अशी की जितकं वर ढकलाल तितका वेग कमी होतो. म्हणून जगातले चांगले थ्रोअर साधारण ३५ ते ३८ अंशांत सोडतात. आठ मीटरवाल्याने ४५ अंशात टाकला तर, वेग तोच राहिला असं धरलं तरी, दहाएक सेंटिमीटर जातात. वेग कमी होतो ते नुकसान वेगळंच. मैदानावर कोनमापक लावून कोणी बसत नाही. समोरच्या झाडाचा किंवा खांबाचा एक ठरावीक बिंदू धरा आणि रोज त्याच्याकडे बघून टाका, एवढं पुरतं.

ग्लाइड शिकावं की स्पिन?

शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांत ज्याला ‘पेरी ओब्रायन तंत्र’ म्हणतात ते ग्लाइड. अमेरिकेच्या पेरी ओब्रायनने १९५०च्या दशकात ते रुजवलं. फेकीच्या दिशेला पाठ करून उभं राहायचं आणि मागे सरकत येऊन वळायचं. त्यावर त्याने १९५२ आणि १९५६ची ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली. दुसरं तंत्र म्हणजे स्पिन, पुस्तकांतला ‘डिस्को पुट’, थाळीफेकीसारखी गिरकी. सोव्हिएत संघाच्या अलेक्सांद्र बारिश्निकोव्हने १९७६ मध्ये याच गिरकीवर २२.०० मीटरचा विश्वविक्रम केला, तेव्हा लोकांनी ती गांभीर्याने घेतली. आता जागतिक अंतिम फेरीत जवळजवळ सगळे गिरकीवालेच दिसतात. जर्मनीचा डेव्हिड स्टॉर्ल २०११ आणि २०१३ मध्ये ग्लाइडवर जगज्जेता झाला. त्यानंतर पुरुषांत ग्लाइडला सुवर्ण मिळालेलं नाही.

तरीही माझं मत असं की भरतीच्या मुलाने स्पिनच्या नादी लागू नये. स्पिनला गुळगुळीत सिमेंटचं वर्तुळ लागतं, बघणारा प्रशिक्षक लागतो आणि दोन-तीन वर्षं लागतात. मातीत आखलेल्या रिंगणात गिरकी घेतली की पाय रुततो, घोटा मुरगळतो आणि गोळा जातो भलतीकडे. भरतीसाठी उभ्याने टाकायची पद्धत पक्की करा, जमलं तर साधा ग्लाइड. शाळेतल्या तेरा-चौदा वर्षांच्या पोराला खरंच खेळात जायचं असेल आणि जवळ सिमेंटची रिंग असेल, तर त्याला दोन्ही दाखवावं. पुढे काय पेलतंय ते त्याचं त्याला कळतं.

फाऊल कशाकशाला धरतात?

टीव्हीवर पंच लाल झेंडा दाखवतो आणि समालोचक पुढच्याकडे वळतो, त्यामुळे लोकांना कारण कळत नाही. नियम असे:

गोळा एकाच हाताने, खांद्यावरून ढकलायचा. सुरुवातीला तो मान किंवा हनुवटीला टेकलेला किंवा अगदी जवळ हवा. हात त्या जागेवरून खाली आला किंवा गोळा खांद्याच्या रेषेमागे गेला तर फाऊल. क्रिकेटच्या सवयीने आपल्याकडे निम्मी पोरं इथेच बाद होतात, कारण ती गोळा ‘फेकतात’.

वर्तुळात स्थिर उभं राहून सुरुवात करायची. पुढच्या पांढऱ्या लाकडी स्टॉप बोर्डाला आतून पाय टेकवला तर चालतो, त्याच्या वर ठेवला तर फाऊल. बाहेरच्या जमिनीला स्पर्श झाला तरी फाऊल. गिरकीवाल्यांसाठी एक सवलत आहे. वर्तुळाच्या मागच्या भागात, पहिल्या वळणात, जोर न घेता पाय चुकून बाहेर टेकला तर माफ.

गोळा जमिनीवर पडेपर्यंत वर्तुळ सोडायचं नाही आणि सोडताना मागच्या अर्ध्या भागातूनच बाहेर यायचं. दोन्ही बाजूंना ७५ सेंटिमीटरच्या पांढऱ्या रेषा असतात त्या यासाठीच. भला मोठा थ्रो टाकून आनंदाच्या भरात पुढून उडी मारली की तो थ्रो गेला.

सेक्टर म्हणजे वर्तुळापुढे दोन रेषांनी आखलेली, गोळा पडायची जागा. त्या रेषेवर गोळा पडला तरी फाऊल. रेषा म्हणजे बाहेर.

नाव पुकारल्यापासून एक मिनिट मिळतं. हातमोजे चालत नाहीत, दोन बोटं एकत्र बांधणं चालत नाही, बुटाच्या तळाला काही फवारणं चालत नाही. हाताला आणि मानेला खडूची पूड चालते, कमरेचा पट्टा चालतो.

अंतर कुठून मोजतात?

गोळ्याने केलेल्या खड्ड्याच्या वर्तुळाकडच्या कडेपासून, वर्तुळाच्या मध्याकडे टेप ओढून, स्टॉप बोर्डाच्या आतल्या कडेपर्यंत. घरंगळत गेलेलं अंतर धरत नाहीत. सेंटिमीटरच्या खालचं जे काही असेल ते सोडून देतात, वर चढवत नाहीत. ८.४९९ म्हणजे ८.४९.

जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी नेमकी कशी चालते? मध्येच खेळाडू गायब होतात.

आधी पात्रता फेरी. तिथे प्रत्येकाला तीन संधी. ठरवून दिलेलं अंतर पार करणारे थेट पुढे जातात आणि जागा उरल्या तर पुढच्या क्रमांकांचे घेऊन बाराची यादी पुरी करतात. पात्रता फेरीतलं अंतर अंतिम फेरीत मोजत नाहीत. तिथे पुन्हा शून्यापासून.

अंतिम फेरीची जुनी पद्धत बहुतेकांना पाठ आहे. बारा जणांना तीन-तीन थ्रो, मग पहिल्या आठांना आणखी तीन. २०२५च्या टोकियोतल्या जागतिक स्पर्धेत हे बदललं. तीन फेऱ्यांनंतर दहा उरले, चौथीनंतर आठ आणि पाचवीनंतर सहा. भालाफेकीत नीरज चोप्रा आठव्या स्थानावर राहिला आणि त्याला सहावा थ्रो मिळालाच नाही, तो याच नियमामुळे. त्या रात्री आपल्याकडे पुष्कळ जणांना वाटलं की प्रक्षेपणात काहीतरी घोटाळा झाला.

प्रेक्षक म्हणून मला हा बदल आवडला नाही. गोळाफेकीचा जीव शेवटच्या फेरीत असतो, आणि मागे पडलेल्याला शेवटच्या थ्रोला काहीच गमावायचं नसतं. दोहाची पुढची गोष्ट वाचा, म्हणजे कळेल.

दोघांचं अंतर सारखं आलं तर?

दोघांचाही दुसरा सर्वोत्तम थ्रो बघतात. तोही सारखा असेल तर तिसरा.

दोहा, २०१९ची जागतिक स्पर्धा. न्यूझीलंडच्या टॉम वॉल्शने पहिल्याच थ्रोला २२.९० मीटर टाकला. इतक्या मोठ्या अंतराने सुरुवात झाली की बाकीचे गार पडतात. वॉल्शचा तो पहिलाच थ्रो शेवटच्या फेरीपर्यंत वर राहिला. अमेरिकेचा जो कोव्हाक्स तोवर पदकाच्या बाहेर होता. त्याने शेवटच्या थ्रोला २२.९१ टाकला. मग क्राउझर आला, त्याने टाकला २२.९०. पहिले तिघे एका सेंटिमीटरच्या आत! कोव्हाक्सला सुवर्ण. क्राउझर आणि वॉल्श यांचं अंतर सारखं, पण दुसऱ्या सर्वोत्तम थ्रोत क्राउझर सरस ठरला. म्हणून क्राउझरला रौप्य, वॉल्शला कांस्य. ब्राझीलचा डार्लान रोमानी २२.५३ टाकून चौथा आला आणि रिकाम्या हाताने परतला.

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही कोव्हाक्स आणि जमैकाचा राजिंद्र कॅम्पबेल दोघेही २२.१५वर थांबले. दुसऱ्या थ्रोच्या जोरावर रौप्य कोव्हाक्सला मिळालं.

सगळ्यात विचित्र बरोबरी मात्र २००४ची. अथेन्स ऑलिंपिकची गोळाफेक प्राचीन ऑलिंपियाच्या मैदानावर झाली होती. अमेरिकेच्या ॲडम नेल्सनचा पहिला थ्रो २१.१६ आणि पुढचे पाचही फाऊल. युक्रेनच्या युरी बिलोनोहने शेवटच्या फेरीत २१.१६ गाठलं आणि दुसऱ्या थ्रोवर सुवर्ण नेलं. आठ वर्षांनी त्याच्या जपून ठेवलेल्या नमुन्याची पुन्हा तपासणी झाली, बंदी असलेलं द्रव्य सापडलं आणि पदक काढून घेतलं गेलं. नेल्सनला त्याचं सुवर्णपदक २०१३ मध्ये अटलांटाच्या विमानतळावर, खाण्याच्या दुकानांच्या गर्दीत सुपूर्द करण्यात आलं. ना राष्ट्रगीत, ना स्टेडियम.

क्राउझर खरंच एवढा भारी आहे का?

हो. २०१६, २०२१ आणि २०२४ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णं आणि २०२२, २०२३, २०२५ अशी सलग तीन जागतिक सुवर्णं. २७ मे २०२३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये २३.५६ मीटरचा विश्वविक्रम. त्याच्याआधी रँडी बार्न्सचा २३.१२चा विक्रम १९९० पासून ३१ वर्षं टिकला होता. तो क्राउझरनेच २०२१ मध्ये २३.३७ टाकून मोडला.

पण आकड्यांपेक्षा दोन अंतिम फेऱ्या बघाव्यात. २०२३ मध्ये बुडापेस्टला जाण्याआधी त्याच्या पायात रक्ताच्या गुठळ्या सापडल्या होत्या. जायचं की नाही यावरच प्रश्नचिन्ह होतं. तो गेला आणि शेवटच्या थ्रोला २३.५१ टाकला. दुसऱ्या क्रमांकाचा इटलीचा लिओनार्दो फाब्री २२.३४वर होता. २०२५ मध्ये कोपराच्या दुखण्यामुळे क्राउझर त्या मोसमात जवळपास खेळलाच नव्हता. टोकियोत २२.३४ टाकून पुन्हा पहिला. मेक्सिकोचा उझिएल मुन्योझ २१.९७ टाकून दुसरा, फाब्री २१.९४ टाकून तिसरा.

घराणंही थ्रोअरांचंच. वडील, काका सगळे फेकणारे. पैलवानाच्या घरात पोरगं तालमीच्या मातीत वाढतं, तसा हा वाढला.

उंची कमी असेल तर नादच सोडावा का?

क्राउझर २.०१ मीटर उंच आहे, हे खरं. सुटण्याची जागा १० सेंटिमीटरने उंच असेल तर अंतरात साधारण तेवढाच, १० सेंटिमीटरचा फायदा होतो. लांब हातांमुळे गोळ्याला जास्त वेळ ढकलता येतं, हा फायदा त्याहून मोठा. पण २०१५ आणि २०१९चा जगज्जेता कोव्हाक्स सहा फुटांच्या आसपासचा आहे आणि त्याने २३.२३ मीटर टाकलेला आहे. भरतीच्या साडेआठ मीटरसाठी तर उंचीचं कारण सांगूच नका.

भारताचा यात नंबर कुठे?

आशियात वर, जगात अजून मधल्या फळीत. पंजाबातल्या मोग्याच्या तजिंदरपालसिंग तूरने जून २०२३ मध्ये भुवनेश्वरला २१.७७ मीटर टाकून आशियाई विक्रम केला. २०१८च्या जकार्ता आशियाई खेळांत त्याला २०.७५वर सुवर्ण मिळालं आणि हांगझोऊत, २०२३ मध्ये, शेवटच्या थ्रोला २०.३६ टाकून दुसरं. आशियाई खेळांतलं हे सुवर्ण आपल्याला नवीन नाही. परदुमनसिंग, जोगिंदरसिंग, बहादुरसिंग चौहान अशी रांगच आहे, आणि २००२ मध्ये बुसानला बहादुरसिंग सग्गू.

ऑलिंपिकमध्ये मात्र तूर टोकियोत १९.९९वर आणि पॅरिसला १८.०५वर पात्रता फेरीतच थांबला. जागतिक स्पर्धेत पुरुषांच्या गोळाफेकीत भारताला एकही पदक नाही. टोकियो २०२५ला थेट प्रवेशाचं अंतरच २१.५० होतं. म्हणजे देशाचा सर्वोत्तम थ्रो मोसमाच्या नेमक्या दिवशी पडला तर दार उघडतं. आपली अडचण ‘एकदा टाकला’ आणि ‘दर महिन्याला टाकतो’ यातल्या फरकात आहे. क्राउझर आजारी असतानाही २२ पार करतो.

मराठवाड्यातून अविनाश साबळे निघतो, मग गोळाफेकवाला का नाही?

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे साबळेचं गाव. हांगझोऊत त्याने स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीचं सुवर्ण जिंकलं आणि २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटं ०९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. पळायला रस्ता लागतो. तो आपल्याकडे आहे, आणि साबळेचा खरा घाट पुढे सैन्यात घडला. गोळ्याला वर्तुळ लागतं, बार आणि वजनं लागतात, दोन-तीन वर्षं एकाच माणसाची नजर लागते आणि वाढत्या वयात भरपूर खाणं लागतं. ज्या घरात दोन पावसाळे कोरडे गेले तिथे शंभर किलोचा पोरगा पोसणं सोपं नाही. छत्रपती संभाजीनगरला भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे, विद्यापीठांच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहेत. पण धिप्पाड पोरगं दिसलं की गाव त्याला तालमीत पाठवतं किंवा कबड्डीत. त्यात वाईट काही नाही. फक्त एखाद्या सरांनी त्याच्या हातात गोळाही देऊन बघावा.

शाळेत रिंग करायची आहे. खर्च कमी, काय करावं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, म्हणून सविस्तर सांगतो.

आतला व्यास २.१३५ मीटर. त्यासाठी साधारण ६.७१ मीटर लांबीची लोखंडी पट्टी लागते, ६ मिलिमीटर जाड. गावातला वेल्डिंगवाला ती वाकवून जोडून देतो. जोडल्यावर व्यास चार दिशांनी मोजा, कारण पट्टी हमखास अंडाकृती होते.

पाया महत्त्वाचा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. थेट तिच्यावर काँक्रीट टाकलं तर दुसऱ्या वर्षी वर्तुळ दुभंगतं. आधी काळी माती काढा, मुरूम भरा, पाणी मारून चांगला ठोकून घ्या आणि वर काँक्रीट. खोली किती घ्यायची ते गावातल्या अनुभवी गवंड्याला विचारा. त्याला त्या शिवारातली माती माहीत असते. आतला पृष्ठभाग पट्टीच्या वरच्या कडेपेक्षा साधारण २ सेंटिमीटर खाली हवा आणि सपाट हवा. पाणी साचू नये म्हणून कडेला दोन-तीन छोटी भोकं ठेवा. फरशीसारखा घोटू नका, घसरतं. अगदी खरबरीतही नको, ग्लाइड करताना पाय अडकतो.

स्टॉप बोर्ड लाकडाचा, १.२१ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच, आतून वर्तुळाच्या वळणाला बसणारा. बाभळीचा ओंडका असेल तर सुतार करून देईल, पण जमिनीत पक्का बसवा. हलणाऱ्या बोर्डावर पाय मोडतो.

सेक्टरचा कोन ३४.९२ अंश, हा आकडा बघून सगळे घाबरतात. सोपी युक्ती अशी: वर्तुळाच्या मध्यापासून दोन्ही रेषांवर १० मीटर मोजा, तिथे दोन रेषांमधलं अंतर ६ मीटर हवं. २० मीटरवर १२. दोन दोऱ्या आणि एक टेप, झालं काम. त्याच दोऱ्या धरून चुना टाका.

रिंगच नाही, तर?

कोव्हाक्सच्या शाळेतही मैदान नव्हतं. आई त्याला शाळेच्या पार्किंगच्या जागेत शिकवायची. बाजार समितीच्या आवारात, ग्रामपंचायतीसमोर, शाळेच्या ओट्याजवळ कुठे ना कुठे सिमेंटचा तुकडा असतो. तिथे गोळ्याशिवाय पायांची हालचाल घोटा. गोळा टाकायला शेजारची नांगरलेली जमीन उत्तम. मालकाला विचारून.

एप्रिल-मेमध्ये सराव करावा का?

सूर्य वर यायच्या आत. दहा वाजता उन्हात पडलेला लोखंडी गोळा मानेला लावून बघा, उत्तर मिळेल. गोळे सावलीत, ओल्या पोत्याखाली ठेवा. पावसाळ्यात चिखलाने माखलेला गोळा हातातून निसटतो, तेव्हा प्रत्येक थ्रोनंतर फडक्याने पुसा आणि परत आणताना हातात आणा. कोणी परत फेकत असेल तर त्याला तिथेच थांबवा. मैदानावरचे अपघात बहुतेक तसेच होतात.

प्रोटीन पावडर घ्यावी का? जिममधला एक जण इंजेक्शन देतो म्हणतो.

इंजेक्शन अजिबात नाही. गोळाफेकीचा इतिहास यानेच डागाळला आहे. बार्न्स विक्रमानंतर काही महिन्यांतच चाचणीत सापडला, पुढे १९९८ मध्ये पुन्हा सापडला आणि आजन्म बंदी आली. बेलारूसचा आंद्रेई मिखनेविच २००३चा जगज्जेता, त्याची पुढची पदकं काढून घेतली गेली. हे झालं पदकांचं. यकृत, हृदय आणि वाढत्या वयातली हाडं यांचं काय होतं ते जिमवाला सांगत नाही.

पावडर गरजेची नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, हरभरे, शेंगदाणे, दूध, परवडतील तितकी अंडी, चालत असेल तर मटण-मासे. स्पर्धेत उतरणाऱ्याने तर बिनबिलाच्या डब्याला हातच लावू नये. आत काय मिसळलंय ते सांगता येत नाही, आणि चाचणीत सापडलं तर जबाबदारी खेळाडूची असते.

भरतीत गोळ्याला किती गुण आहेत?

शारीरिक चाचणीच्या ५० पैकी १५. पुरुषांना ८.५० मीटर किंवा जास्त गेला की पूर्ण, महिलांना ४ किलोचा गोळा ६ मीटर किंवा जास्त. तरी आपल्या वर्षाची जाहिरात वाचाच. ८.५०चं लक्ष्य असेल तर सरावात ९.२० यायला हवा, कारण त्या दिवशी झोप झालेली नसते, रांगेत अंग गार पडतं आणि गोळा अनोळखी असतो. फक्त धावण्यावर भर देऊन गोळा शेवटच्या पंधरा दिवसांवर ठेवणारे बरेच असतात. तंत्र पंधरा दिवसांत बसत नाही, खांदा मात्र दुखावतो.

दिव्यांग खेळाडूंसाठी वेगळी गोळाफेक असते का?

असते, आणि तिथे महाराष्ट्र पुढे आहे. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारीने एफ-४६, म्हणजे हाताचं अपंगत्व असलेल्यांच्या गटात २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन जागतिक सुवर्णं जिंकली आणि पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर टाकून रौप्य. सुवर्ण ६ सेंटिमीटरने हुकलं. आटपाडीसुद्धा दुष्काळीच. पायात अधूपण असलेल्यांसाठी बसून टाकायचे गटही असतात, पण त्यासाठी आधी अधिकृत वर्गीकरण करून घ्यावं लागतं.

पुढच्या मोठ्या स्पर्धा कधी आणि रात्री जागावं लागेल का?

२०२६च्या सप्टेंबरमध्ये जपानमध्ये आइची-नागोया इथे आशियाई खेळ, २०२७ मध्ये बीजिंगला जागतिक अजिंक्यपद. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास आणि चीन अडीच तास पुढे, त्यामुळे तिथली संध्याकाळची अंतिम फेरी आपल्याकडे दुपारी-सायंकाळी दिसते. २०२८चं ऑलिंपिक लॉस एंजेलिसला आहे, तेव्हा मात्र पहाटेचा गजर लावावा लागेल. प्रक्षेपणात गोळाफेक सलग दाखवत नाहीत, शर्यतींच्या मधे तुकडे दाखवतात. म्हणून शेजारी थेट निकालाचं पान उघडं ठेवा आणि प्रत्येकाचा दुसरा सर्वोत्तम थ्रोही बघत राहा.